गुडघ्यावरची पट्टी

रविवार, संध्याकाळ, चरोदा

प्रोजेक्टसाठी मी बनवलेली, ताण मोजणारी रबरी पट्टी आज बाबांच्या गुडघ्यावर चिकटवली. पाय वाकला की पट्टी ताणली जाते आन् मोबाईलवर रेघ वर चढते. पण रेघ अर्ध्यातच अडकून राहिली. मी चिडली. "बाबा, नीट खाली बसा ना, माझा डेटा खराब होऊन राहिला." ते भिंत धरून पुन्हा पुन्हा बसत राहिले.

मग पट्टी माझ्या गुडघ्यावर लावली. रेघ पार वर गेली. म्हणजे पट्टी बरोबरच होती.

हल्ली ते खुर्चीवर जेवतात. कावून, हे मी एकदाही विचारलं नाही. पट्टीनं सांगावं लागलं मले?

लाल झालेल्या गुडघ्यावर हात फिरवत त्यांनीच विचारलं, "पास झाली ना बेटा, तुयी पट्टी?"