बोळक्यात काय बघायचंय?

सोमवार, ४ मार्च

दवाखान्यात नवं खूळ! भिंगरीला, म्हणजे माझ्या अडीच वर्षांच्या नातीला, राहिलेली लस टोचायला नेली, तर आधी दात बघणार म्हणे. इतकी वर्षं या डॉक्टरला माणसाची छाती ठाऊक होती, पोट ठाऊक होतं. तोंड म्हणजे गोळी टाकायची फट! आता वरून हुकूम आलाय – येईल त्याचं तोंड तपासा. म्हणून याला कळलं की माणसाला दातही असतात.

सिस्टर खुर्ची ओढून माझ्यासमोर बसली, गुडघ्याला गुडघा लावून. मला वाटलं, कुणाची तरी चहाडी सांगतेय. भिंगरीला माझ्या मांडीवरून उताणी निजवली – पाय माझ्या कमरेला, डोकं तिच्या मांडीत. पोरीनं भोकाड पसरलं. सिस्टरला तेच हवं होतं. वरचा ओठ उचलून म्हणाली, "हे बघा, हिरडीपाशी पांढरं. कीड लागायची सुरुवात आहे. अजून थांबवता येईल."

मग विचारलं, निजताना गोड दुधाची बाटली कोण देतं? सून छताकडे बघायला लागली, चिरंजीव माझ्याकडे. वा रे वा! पोरीच्या तोंडात बाटली कोंबून तिच्याआधी घोरतो तो हा. सांगून टाकलं तिथंच, चारचौघांत.

वर मी म्हटलं, दुधाचे दात, पडायचेच आहेत की.

"पडेपर्यंत दुखतील, आजी."

उत्तर चोख होतं. मला आवडलं नाही.

दातांना पिवळट लेप फासला. बाटली बंद. निजण्याआधी दात घासायचे, तेही मोठ्यांनी.

निघताना डॉक्टर म्हणाला, आजी, तुम्हीही आ करा. मी म्हटलं, या बोळक्यात काय बघायचंय? माझे दात तुमच्या आधी रिटायर झाले. हसला, कागदावर बरोबरची खूण केली. सुटले! गालात आतून बरेच दिवस झोंबतंय, पण त्याला कशाला सांगा? लगेच माझ्या तंबाखूवर घसरला असता.

मंगळवार, ५ मार्च

बाटली बंद. पोरगी रडली आणि विसरली. चिरंजीवाचा गाल अजून फुगलेला. बाटली जशी काही त्याचीच तोडली!

शुक्रवार, ८ मार्च

भिंगरीनं घरात दवाखाना काढलाय. जमिनीवर फतकल मारायची, मांडी थोपटायची, "आ!" म्हणायचं. बाहुली निजली, सून निजली. बापाचं एवढं थोरलं डोकं तिच्या मांडीत – कलिंगड ठेवल्यासारखं! टॉर्च मारून सगळ्यांना एकच आजार सांगते, "पांढरं." दवाखान्यातले तरी याहून वेगळं काय करतात?

बुधवार, १३ मार्च

आज माझा नंबर लागला. गालात बोट घालून म्हणाली, "पांढरं." मी हसले. पुन्हा आ करायला लावलं. पुन्हा तिथंच बोट. बाकीच्यांच्या तोंडात हवं तिथं खुपसते, माझ्या तोंडात मात्र बरोबर त्या झोंबणाऱ्या जागी.

सुनेचा आरसा घेऊन खिडकीशी गेले.

आहे. नखाएवढं. पुसून जात नाही.

गुरुवार, १४ मार्च

तंबाखूची डबी कपाटावर टाकली. दुपारी काढली. पुन्हा टाकली.

रविवार, १७ मार्च

कुणाला बोलले नाही. सून विचारते, जेवताना एकाच बाजूनं का चावता? म्हटलं, दुसरी बाजू सुट्टीवर आहे. तिनं हसावं म्हणून बोलले. ती हसली नाही, बघत राहिली. फार बघते ही बाई.

डबी आज कपाटावर नाही. मी हलवलेली नाही.

सोमवार, १८ मार्च

सूनच मला दवाखान्यात घेऊन गेली. सिस्टरनं खुर्ची ओढली, गुडघ्याला गुडघा लावला. मी म्हटलं, एवढं धूड मांडीत मावेल का? ती हसली नाही. डॉक्टरला हाक मारली. त्यानं बराच वेळ टॉर्च धरली. तोही हसला नाही. उद्या मोठ्या हॉस्पिटलात, तुकडा काढून तपासणार. मागल्या कागदावरची ती खूण त्यानं माझ्यासमोर खोडली.

घरी आले तर भिंगरी मांडी थोपटत बसलेली. मुकाट आडवी झाले आणि आ केला.