सात वेळा दोन

शुक्रवार, संध्याकाळ

डोकं अजून तापलंय. आज आठवीला गणिताचे पेपर परत दिले. २ चा तिसरा घात गुणिले २ चा चौथा घात. अर्ध्या वर्गाचं उत्तर ४ चा सातवा घात. धन्य! पाया तसाच ठेवा, घातांकांची बेरीज करा, हे घसा फोडून सांगते, तरी पाया गुणतातच.

एकट्या शबानाने सात वेळा २ लिहून, मोजून, २ चा सातवा घात काढला. नियम वापरला नाही म्हणून मी गुण कापला.

"बाई, नियम आठवेना, म्हणून मोजून बघितलं. चुकलं का?"

"उलट बोलू नकोस, बस खाली!"

एवढी का ओरडले? वारज्याच्या बसमध्येही तेच डोळ्यांपुढे, सात वेळा २. वीस वर्षं शिकवतेय. फळ्यावर मी ते एकदाही मांडलेलं नाही.