आईची हिरवी पूड

दादा,

तुझा फोन लागत नाही म्हणून लिहितेय. आईला दवाखान्यात ठेवलंय. सकाळी तिची छाती एवढी धडधडायला लागली की हातातला कप पडला. आता बरी आहे, घाबरू नकोस.

डॉक्टरांनी विचारलं, "कसलं औषध चालू होतं?" तर तिने मला पाणी आणायला पाठवलं. मी बाहेर गेल्यावर तिने त्यांना सांगितलं, मला ते त्यांच्याकडूनच कळलं. वजन उतरावं म्हणून ती समुद्री शेवाळाची पूड घेत होती, तीही दुप्पट. त्यात आयोडीन फार असतं, आणि तिला तर थायरॉईड आहे. शिलाई मशीनच्या खणात डबा सापडला. डॉक्टरांना दाखवायला नेतेय.

परवा फोटो काढताना आपण तिला म्हणालो, "आई, तू कडेला हो, मावत नाहीस." तीही हसली होती रे. मला वाटलं, तिलाही गंमत वाटली.

भात झाकून ठेवलाय, खाऊन ये. दुसरा मजला, खिडकीजवळची खाट.

दवाखान्यातून निघताना तिने माझा हात धरला. म्हणाली, "दादाला सांगू नकोस गं, परत हसेल तो." मी बरं म्हटलं, आणि घरी येऊन तुलाच लिहितेय.