उजवा कौल

केळशी, ९ ऑक्टोबर १९३१
सकाळपासून हिवतापवाले. क्विनीन संपत आलंय, मुंबईला लिहायला हवं.
दुपारी धाकू तांडेल. जाळं ओढताना उजव्या हाताच्या मधल्या बोटात शिंगाळा माशाचा काटा घुसलेला. त्यावर तंबाखू बांधून होडीवर जातच राहिला. बोट काळं पडलंय, वास येतो. म्हटलं, आजच कापू, नाहीतर विष वर चढेल.
"देवास इचारल्याबिगर नाय, दाक्तर."
त्याची बायको भागी, तिचीही मान तशीच हलली. माझं डोकं फिरलं.

१० ऑक्टो.
लावला कौल. गुरवाने देवाच्या दोन्ही खांद्यांवर ओल्या पाकळ्या चिकटवल्या आणि विचारलं, बोट कापू का? डावी पडली. म्हणजे नाही. हे सांगायला धाकू हसत आला. मी टेबलावर हात आपटला, आयोडीन सांडलं.
सौ. आतून: "रोग्यावर ओरडून बोट बरं होतं का?"
नाही होत.

११ ऑक्टो.
आंघोळ करताना सुचलं. देव डावा नाही, सवालच वाकडा! धाकूला घेऊन देवळात गेलो. कॉलेजात असल्यापासून देवाशी माझं बोलणं बंद, तरी हात जोडले. गुरवाला म्हटलं, असं विचार: धाकूचा हात राखायचा ना?
गुरव हसला. "देवास गुंडाळताव, दाक्तर?"
"सवाल सुधारतोय."
उजवी पडली. धाकूने लोटांगण घातलं. मग समजावलं, हात राखायचा तर बोट जायला हवं. लगेच पटलं. क्लोरोफॉर्मची बाटली सौ.ने धरली. काम स्वच्छ झालं.
दिवसभर स्वतःवर खूश. सौ.ला इतक्यांदा सांगितलं की ती उठून विहिरीवर गेली.

१३ ऑक्टो.
पट्टी बदलली. ताप उतरलेला. भागीने ताजे बांगडे आणले. आमच्याकडे चालत नाहीत हे तिला ठाऊक, तरी. मांजर तृप्त.

१४ ऑक्टो.
धाकूला थंडी वाजून ताप. मनगटाच्या वर लाली. तिच्या कडेने शाईची रेघ मारून आलो. गरम शेक चालू. पाहू.

१५ ऑक्टो.
लाली रेघ ओलांडून कोपराकडे निघालीय. काखेत गाठ.
आता माझ्या हातातलं नाही. हर्णैहून आगबोटीने रत्नागिरीला, मोठ्या इस्पितळात. हात जाईल, पण माणूस राहील. घरी जाऊन तसं सांगितलं. तापाने फणफणलेला, तरी धाकू उलट माझीच समजूत घालतोय.
"कशाला भिताव? देवान सांगितलान ना, हात र्‍हानार."
भागीचंही तेच. पुन्हा पुन्हा सांगितलं. विनवलं. शेवटी ओरडलो. ती म्हणाली, "तुमीच तर इचारलाव, दाक्तर."
हुशारी नडली. भीती वाटते, खरंच वाटते.

१६ ऑक्टो.
लाली कोपरावर. आगबोट उद्या सकाळची, म्हणजे आज दुपारी गाडी जुंपायलाच हवी.
भागीला घेऊन देवळात आलो. गुरवाला म्हटलं, नवा कौल लाव. विचार, धाकूचा जीव राखायचा ना? उजवा आला तर धाकूला म्हणावं, मग हाताचा हट्ट सोड.
आज गुरव हसला नाही. पाकळ्या भिजवता भिजवता थांबला. "आनि डावा इला तर?"
भागीच म्हणाली, "लावा."
पाकळ्या लागल्या. बराच वेळ झाला, दोन्ही तशाच आहेत. पिशवीत वही होती म्हणून इथेच सभामंडपात बसून लिहितोय. गाडीवाल्याला निरोप धाडलाय, बैल बाहेर उभे आहेत. भागी डोळे मिटून बसलीय.
मी मघापासून उजव्या पाकळीकडे बघतोय. पड की गं.