आभारप्रदर्शनापूर्वीची जलनेती

३ ऑगस्ट, रविवार
मंडळाच्या बैठकीत माझं निवेदन काढून घेतलं. गेली कित्येक वर्षं गणेशोत्सवाचा माइक माझ्याकडे. आता कमिटीतल्या नव्या पोराकडे, ऋतुराजकडे. कारण काय, तर माझं नाक सदैव चोंदलेलं. मी ‘नमस्कार मंडळी’ म्हटलं की ‘डबस्कार बंडळी’ ऐकू येतं, अशी नक्कल त्यानेच करून दाखवली. अख्खी कमिटी हसली. प्रमोदिनीसुद्धा. ती माझी बायको आहे, म्हणून मुद्दाम नोंद.
दोष बंगळुरूच्या परागकणांचा. पुण्यात माझा आवाज खणखणीत होता.
मी सूडबुद्धीचा माणूस नाही. पण ऋतुराजला सोडणार नाही.

४ ऑगस्ट
अध्यक्ष आप्पाजींना फोन. मूळचे बेळगावचे, हयात गेली इथल्या बसवनगुडीत. म्हणाले, वासुदेवराव, स्वल्प मन मोठं करा. केलं. फक्त आभारप्रदर्शन मागितलं. ते कुणालाच नको असतं, लगेच मिळालं.
भोळी माणसं! आभारप्रदर्शन शेवटी असतं. त्यानंतर कुणाला उत्तर देता येत नाही. मांडववाल्यापासून मोदक वळणाऱ्या काकूंपर्यंत सगळ्यांची नावं घेणार. ऋतुराजचं सोडून. मग जरा थांबून म्हणणार, ‘कुणाचं नाव राहिलं असेल, तर ते मुद्दामच.’
वाक्य जबरदस्त आहे, पण त्यासाठी नाक मोकळं हवं. उपाय सापडला. जलनेती.

५ ऑगस्ट, सकाळी
व्हिडिओ पाहिला. एका नाकपुडीतून मिठाचं कोमट पाणी घालायचं, दुसरीतून काढायचं. पाणी बाहेर आलं तिथे व्हिडिओ बंद केला. पुढे बाई बराच वेळ काहीतरी सांगत होत्या. असणार ते सबस्क्राइब वगैरे.
नेतीपात्र नव्हतं, चहाची छोटी किटली घेतली. मीठ घालायला विसरलो. थेट मेंदूपर्यंत झिणझिण्या. ऋतुराज, हेही तुझ्यामुळेच.

६ ऑगस्ट
मीठ जास्त. प्रमोदिनीने विचारलं, नाकाचं लोणचं घालताय का. दुर्लक्ष.

१४ ऑगस्ट
जमलं! दुसऱ्या बाजूने अखंड धार. ऑफिसला जाताना इलेक्ट्रॉनिक सिटीच्या फ्लायओव्हरवर कॅबमध्ये ते वाक्य मोठ्याने म्हणून पाहिलं. ड्रायव्हर घाबरून ‘सरी, सर’, म्हणजे ‘बरं, सर’, म्हणाला. भाषा कळत नसूनही एवढा परिणाम!
दुपारी बुटाची लेस बांधताना नाकातून थोडं पाणी गळलं. शुद्धीकरण आत खोलवर चालू आहे.

२४ ऑगस्ट, रविवार
ऋतुराजने माझ्यासाठी वाफ घ्यायचं मशीन पाठवलं. नीच चाल. प्रमोदिनी म्हणते, मुलगा चांगला आहे, सोडून द्या. मशीन परत केलं नाही, पण वापरणारही नाही. सर्दी झाली तरच.

३१ ऑगस्ट, संध्याकाळी ५
आज कार्यक्रम. निघण्याआधी डबल डोस, दोन किटल्या. ‘नमस्कार मंडळी’ घंटेसारखं वाजतंय. ऋतुराज, आज तू संपलास.

१ सप्टेंबर
लिहायचं नव्हतं.
माइक हातात घेऊन आधी आप्पाजींच्या पाया पडायला वाकलो. दोन्ही किटल्या नाकातून उतरल्या. थेट त्यांच्या पावलांवर. मिठाने घसा धरला, ठसका लागला, डोळ्यांतून पाणी. स्पीकरवर नुसता हुंदका गेला. आप्पाजींनी उठवून छातीशी धरलं. अळबेडी, वासुदेवराव, रडू नका, म्हणाले, आणि स्वतःच रडायला लागले.
ऋतुराज धावत आला. माझ्या हातातला माइक घेऊन सांगितलं, दादांनी मागे सरून मला संधी दिली, आज कौतुकाने भरून आलंय, त्यांना बोलता येत नाहीये. लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. आभारही त्यानेच मानले, एकही नाव न विसरता. पहिलं माझं.
घरी येऊन प्रमोदिनीने तो व्हिडिओ शेवटपर्यंत पाहिला. नेतीनंतर वाकून, जोरात श्वास सोडत, राहिलेलं सगळं पाणी काढून टाकायचं असतं म्हणे.

२ सप्टेंबर
कार्यक्रमाचं शूटिंग मंडळाच्या ग्रुपवर. पुण्याहून आईचा फोन. आपला मुलगा इतक्या मोठ्या मनाचा आहे हे तिला माहीतच नव्हतं. पुढच्या वर्षीही निवेदन ऋतुराजकडे. ठरावाला सूचक म्हणून माझं नाव घातलंय.
ऋतुराजने ग्रुपवर लिहिलं, दादा, आज मी जो काही आहे तो तुमच्यामुळे. खाली बदामांची रांग. सगळे माझ्या उत्तराची वाट पाहत होते.  शेवटी लिहिलं, ‘मनापासून आभार.’
अख्ख्या उत्सवात मी आभार मानले ते एकाच माणसाचे.