‘पत्नी’ हा शब्द खोडू नये

मी, पेशाने वार्ताहर, वय वर्षे चौपन्न, लिहून ठेवतो की माझी बुद्धी शाबूत आहे. सही वाकडी आल्यास तो वकीलसाहेबांच्या खुर्चीचा दोष समजावा. तिचा एक पाय आखूड आहे. तक्रार केली तर म्हणाले, “अशिलं फार वेळ बसत नाहीत हो.”

१. राहते घर व बँकेतील शिल्लक माझ्या पत्नीस. तिचा वंश वेगळा, माझा वेगळा. अशा लग्नांवरची बंदी उठली, त्याच्या चौथ्या दिवशी आम्ही नोंदणी केली. नवे अर्ज आले नव्हते. कारकुनाने जुन्या अर्जातली ‘उभयतांचा वंश एकच आहे’ ही ओळ पट्टी लावून खोडली आणि म्हणाला, “घ्या, झालात मोकळे!” इतकी देखणी रेघ मी पुन्हा पाहिली नाही. त्यानंतर सव्वीस वर्षे आम्ही सुखाने भांडलो.

२. आता बंदी उठवणारा तो कायदा फेरविचारार्थ आहे. आमची मूळ नोंद तपासायला नेली, ती परत आलेली नाही. वकील म्हणतात, “पत्नी नका लिहू, परिचित महिला लिहा. लग्न रद्द ठरलं तरी कागद टिकेल.” तस्मात्, सर्व काही माझ्या पत्नीस, आणि ती पत्नी नव्हेच असे तोवर ठरले असल्यास, याच घरात राहणाऱ्या, शाळेत भूमिती शिकवणाऱ्या, हनुवटीखाली भाजल्याचा डाग असलेल्या स्त्रीस. ‘पत्नी’ हा शब्द मात्र कोणी खोडू नये.

३. थोरल्या बंधूंस आमच्या लग्नाचा फोटो, ज्यात ते नाहीत. लग्न बुडाले तर वारस तेच. गेल्या आठवड्यात ते प्रथमच घरी आले, चहा घेतला, भिंती ठोकून पाहिल्या. “घराचे कागद जप रे बाबा. दिवस बरे नाहीत.”

४. मेव्हण्यास माझा संस्कृत कोश. “दाजी, दोन पानांत झोप लागते,” हे त्याचेच प्रशस्तिपत्र.

५. परवा शिरगणतीचा माणूस आला. दारात त्याने तिला विचारले, “तुम्ही यांच्या कोण?” ती म्हणाली, “भाडेकरू.” मी आतल्या खोलीत होतो. ऐकले, आणि उठलो नाही. कायद्याची भीती वाटतेच. पण पुढच्या वेळीही मी उठणार नाही, ही भीती त्याहून मोठी आहे.

सही : वार्ताहर
साक्षीदार : खालच्या मजल्यावरचे घड्याळजी, वकिलांच्या टायपिस्टबाई. (आमच्या लग्नात नाचलेला न्हावी म्हणाला, “तोंडी हवं ते बोलतो साहेब, नाव नका घालू.”)
स्थळ : वकिलांची कचेरी
दिनांक : नोंद नेल्याचा एकोणिसावा दिवस