तुझी बोटं बरी झाली, हे वाचून

४ जून
ती. ताईस,
धाकटीचा सा. न. वि. वि.

मी दिवसभर इस्पितळाच्या प्रयोगशाळेत करते तरी काय, हे भावजींना समजेल अशा भाषेत लिही, असा तुझा हुकूम. तर ऐक. स्तनाच्या कर्करोगातल्या बऱ्याच पेशी शरीरातल्या एका हार्मोनवर पोसल्या जातात. ते पेशीत पोचलं की आत निरोप जातो, वाढ, एकीच्या दोन हो. तुझी रोजची गोळी ते हार्मोन जवळपास बनूच देत नाही. पण काही पेशी महाबिलंदर. हार्मोन मिळेनासं झालं तरी निरोपाची दुसरी वाट काढतात. ती वाट मी बशीत वाढवलेल्या पेशींमध्ये शोधते. रविवारीसुद्धा त्यांना खाऊ घालायला जावं लागतं. जावयाचे इतके लाड कुणी केले नसतील.

तुझ्या ऑपरेशनला वर्ष झालं. सकाळी बोटं आखडतात म्हणाली होतीस, त्याचं काय? दुकानातलं घड्याळदुरुस्तीचं काम जमतं का?

भावजींना नमस्कार. आळस न करता उत्तर धाडावंस.
तुझी,
धाकटी

१५ जून
चि. धाकटीस अनेक आशीर्वाद.

ह्यांनी तुझं पत्र दोनदा वाचलं आणि आता शेजाऱ्यापाजाऱ्यांना कर्करोग समजावत सुटले आहेत.

माझी काळजी सोड. बोटं झकास. काल एका मनगटी घड्याळातला खसखशीएवढा स्क्रू पहिल्याच खेपेला चिमट्यात धरला. गुडघे कुरकुरत नाहीत. बसल्याबसल्या अंगातून वाफा निघायच्या, त्याही थांबल्या. बाबांच्या मागे दुकान मी इतकी वर्षं चालवते आहे, पण असं हलकं कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं. ह्यांच्या मते हा त्यांनी आणलेल्या नव्या खुर्चीचा गुण. वाटू दे बापडे.

वेळेवर जेव, आणि पेशींइतकेच लाड स्वतःचेही कर.
तुझी ताई

२० जून
ती. ताईस सा. न.

तुझी बोटं बरी झाली, हे वाचून आधी आनंद झाला. मग पत्र पुन्हा वाचलं. बोटं, गुडघे, वाफा, सगळं एकदम. खुर्चीने वाफा थांबत नाहीत, ताई. तू गोळी बंद केलीस. कधीपासून?

फोन केला तर रडेन, म्हणून लिहिते. गोळी थांबली की ते हार्मोन पुन्हा बनायला लागतं. एखादी पेशी कुठे दडून राहिली असेल, तर तिला पुन्हा निरोप मिळेल. मी दहा वर्षं ह्याच निरोपामागे धावते आहे आणि माझी सख्खी बहीण गोळ्या खणात टाकते.

रागावले आहे. लोभ तेवढाच आहे, म्हणूनच.
धाकटी

२७ जून
चि. धाकटीस आशीर्वाद.

पकडलंस. पाच आठवडे झाले. ह्यांनाही माहीत नव्हतं. आता सांगितलं, तर दोन दिवस माझ्याशी मोजून मापून बोलताहेत.

पण माझी बाजू ऐक. मे महिन्यात एका वृद्ध गृहस्थांनी त्यांच्या दिवंगत पत्नीचं घड्याळ विश्वासाने हाती दिलं. बोटं वळेनात. चिमटा सुटला आणि केसासारखी बारीक स्प्रिंग पार वाकडी झाली. तीस वर्षांत असं झालं नव्हतं. ते मला एका शब्दाने बोलले नाहीत, तेच जास्त लागलं. त्या दिवसापासून गोळी तोंडात टाकवेना. डॉक्टरीणबाईंना सांगायची लाज वाटली. त्यांनी मला जगवलं, आणि मी बोटांचं रडगाणं घेऊन जाऊ?

तुझ्या बशीतल्या पेशींना बोटं नसतात, बाई. ही गोळी घेणाऱ्या एखाद्या बाईशी तू कधी बोलली आहेस का?

रागाव, पण पत्र थांबवू नकोस.
ताई

२ जुलै
ती. ताईस सा. न. वि. वि.

नाही बोलले. दहा वर्षांत एकीशीही नाही, आणि तुझ्याशीसुद्धा नाही. तुझं ते वाक्य मी आमच्या सोमवारच्या बैठकीत वाचून दाखवलं. आमच्या प्रमुख सरांनी चष्मा काढला. औषधाला चकवणाऱ्या पेशी आपण शोधतो, पण औषधच सोडणाऱ्या बायका आपल्या इस्पितळात किती, असं त्यांनी विचारलं. ते मोजायचं ठरलं. आता दर मंगळवारी मी खाली तपासणीच्या खोल्यांबाहेर बसून बायकांना विचारणार आहे.

तडातडा बोलले, त्याची माफी. हट्ट मात्र सोडत नाही. डॉक्टरांकडे जा आणि त्या स्प्रिंगसकट सगळं सांग. ह्याच कामाच्या दुसऱ्या गोळ्या आहेत. एक सोसत नाही ती दुसरी सोसू शकते. कुठली, ते त्या ठरवतील.

माया असू दे, आणि पाय लवकर उचल.
धाकटी

१९ ऑगस्ट
चि. धाकटीस अनेक आशीर्वाद.

गेले. डॉक्टरीणबाई ओरडतील असं वाटलं होतं. त्यांनी एवढंच विचारलं, की आधी का आला नाहीत. मग तपासून दुसरी गोळी दिली. महिना झाला, एकही चुकवलेली नाही. वाफा परत आल्या आहेत, पण बोटं पूर्वीइतकी रुसत नाहीत. सकाळी ती मोकळी व्हायला वेळ लागतो, म्हणून दुकान आता अकराला उघडते. गिऱ्हाइकं कुरकुरतात, कुरकुरू देत.

काल फेरतपासणी होती. बाकावर शेजारी एक शिक्षिका बसली होती, माझ्याहून बरीच लहान. बोलता बोलता तिने इकडेतिकडे पाहिलं आणि हळूच सांगितलं, की तिने गोळी सोडली आहे आणि घरी कुणाला माहीत नाही. मी उपदेश केला नाही. मीही पाच आठवडे सोडली होती, एवढंच म्हटलं. तिचा नंबर आला, तर ती उठेना. मग मी म्हटलं, की चला, मी येते आत. तिला बोलायला वेळ लागला, पण बोलली. बाहेर आलो तोवर माझा नंबर पुकारून गेला होता. मी पुन्हा रांगेत बसले. तिला घरी जाता आलं असतं, पण ती माझा नंबर येईपर्यंत शेजारी बसून राहिली.

लोभ आहेच. मंगळवारी बायका काय सांगतात, ते मला कळवत जा.
तुझी ताई